नऊ नंबरचा बनियन

अमळनेरच्या कापसाच्या जिनात सरकीचा धुरळा खात द्रौपदाबाईने लिलाला एकटीने वाढवलं, पण वस्तीचं तोंड काही तिला बंद करता आलं नाही. लिला कबड्डी खेळायची, तीही हाफ पँट घालून. विहाराच्या ओट्यावर बसून उखर्डूआबा रोज बोटं मोडायचे, "पोरनी जात, अन् मांड्या उघड्या!" द्रौपदाबाई ऐकून घ्यायची आणि लिलाचा नऊ नंबरचा बनियन धुऊन मुद्दाम रस्त्याच्या बाजूला वाळत घालायची.

१९८३ साली मुंबईहून खेळांवर छोटी फिल्म काढणारी माणसं आली. थेटरात सिनेमाच्या आधी दाखवतात, तसली. लिलाच्या संघावर फिल्म निघणार म्हटल्यावर द्रौपदाबाईची छाती फुगली. "आते बठ्ठासले दखाडसू," ती म्हणाली; सगळ्या वस्तीला एकदा दाखवायचंच होतं तिला.

मैदानावर फिल्मवाल्या साहेबाने संघातल्या काळ्यासावळ्या पोरींवरून एकदा नजर फिरवली आणि कॅमेरेवाल्याच्या कानाला लागला. थोड्या वेळाने गावातल्या अधिकाऱ्यांच्या गोऱ्यागोमट्या मुली आल्या. त्यांना धड दम धरता येईना, पण लिलाचा बनियन त्यांच्यातल्या एकीने चढवला. लिलाला लुगडं नेसवून, डोक्यावर पदर देऊन प्रेक्षकांत बसवलं. "तू अगदी गावची दिसतेस. तू टाळ्या वाजव," साहेब गोड बोलला. गावची नाही तर काय लंडनची दिसणार! पण चढाईला गेली की समोरच्या संघाला घाम फोडणारी ही पोर साहेबापुढे मुकी झाली. घरी येऊन तिने आईलाही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

फिल्म लागली तेव्हा द्रौपदाबाईने खाडा केला आणि अख्खी वस्ती थेटरात नेली, उखर्डूआबांसकट. पडद्यावर पाठमोरा नऊ नंबर धावला आणि ती बाकावरून उठलीच. "ती दखा, मनी लिला!"

पडद्यावरची मुलगी वळली. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. तेवढ्यात पदर घेतलेली लिला दिसली, टाळ्या वाजवताना. उखर्डूआबा मनापासून खूश झाले. "आते कशी चांगली दिखस," ते म्हणाले. शेजारी बसलेल्या लिलाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आईने उरलेला सिनेमा मान वर न करता काढला.

एवढ्यावर निभावलं असतं तरी चाललं असतं. पण ती फिल्म धुळ्यातही लागली, आणि तिथल्या बन्सीलाल नावाच्या मुलाच्या घरच्यांना पदरातली मुलगी सून म्हणून पसंत पडली. विचारत विचारत ते अमळनेरला आले. लिलाला राज्याच्या संघाच्या निवडीसाठी जायचं होतं, नेमकं त्याच आठवड्यात.

पाहुणे टेकले न टेकले तोच द्रौपदाबाईने सांगून टाकलं, "मनी पोर कबड्डी खेयस. लगीननंतर बी खेयी."

बन्सीलालची आई हसली. "अक्का, आम्ही फिलम दखी ना. ती ते टाळ्या वाजाडत व्हती."

द्रौपदाबाईने लिलाकडे पाहिलं. पोरीने मान वर करून फक्त म्हणायचं होतं, तो नऊ नंबर माझा. लिला जमिनीकडे बघत बसली. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय, त्यापुढे आपल्या शब्दाला कोण विचारतो, असं तिला वाटलं.

द्रौपदाबाई चहा ठेवायला उठली. लग्न ठरलं, निवड राहून गेली. साऱ्या वस्तीशी एकटी भांडलेली ती बाई त्यानंतर लिलाच्या खेळावरून कोणाशी एक शब्द बोलली नाही, आणि धुळ्याच्या संसारात लिलाला तेच सलत राहिलं.