पाचवा बार

विहिरीवर जाऊन सुरुंग मोजणं हे काही बाईमाणसाचं काम नव्हे, असं दिंडोरीकडच्या बागायतदारांचं ठाम मत होतं. मत असायला त्यांचं काय जात होतं! विहिरीत उतरणारा नवरा त्यांचा नव्हता, चांगुणाचा होता.

चांगुणा पेठकडच्या डोंगरातली. लग्न होऊन सोमाच्या मागं आली तेव्हा भात लावणं, नागली निंदणं आणि झऱ्यावरून पाणी आणणं एवढंच तिला येत होतं. सोमा विहिरींवर सुरुंग लावायचा. कातळाला भोकं पाडायची, दारू भरायची, वर माती ठासायची आणि वाती पेटवून वर यायचं. सुरुंग उडाला की तिकडं 'बार झाला' म्हणतात. सोमा एका खेपेला पाच बार भरायचा. वाती लहान-मोठ्या ठेवायचा, म्हणजे बार एकामागून एक उडतात आणि मोजता येतात. पाचही उडाले तर खाली उतरायचं. चारच उडाले, तर पाचवा कातळात दबा धरून बसलाय असं समजायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्या विहिरीकडे फिरकायचं नाही.

सगळी भिस्त मोजण्यावर, आणि सोमाचे कान तर त्या बारांनीच खाऊन टाकलेले. तिशी ओलांडेपर्यंत तो इतका बहिरा झाला की 'कुठं चाललास?' विचारलं तर 'जेवलो आत्ताच' म्हणायचा. लोकांना मजा वाटायची. चांगुणाला अजिबात वाटत नव्हती. तिनं मोजायचं काम स्वतःकडे घेतलं. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं, पण पाचापर्यंत मोजायला शाळा कशाला लागते? ती बांधाआड बसायची आणि उजवा पंजा उघडा धरायची. एक बार झाला की करंगळी मिटायची, दुसऱ्याला तिच्या शेजारचं बोट, आणि शेवटच्या बाराला अंगठा. मूठ वळली की ती लांबूनच सोमाला दाखवायची. मूठ म्हणजे सगळे गेले, उतरा. बोट उघडं राहिलं तर उतरायचं नाही.

मोजताना ती डोळे मात्र घट्ट मिटून घ्यायची. इतकी वर्षं झाली तरी पहिल्या बाराला ती दचकायचीच. धीट बाई म्हणून तिचं नाव होतं, पण ते नाव देणाऱ्यांनी तिला बांधाआड कधी बघितलं नव्हतं.

किल्लारीच्या भूकंपानंतरच्या उन्हाळ्यात आभाळातले आवाज सुरू झाले. भर दुपारी, वर ढगाचा ठिपका नसताना एकदम धडाम्! पत्रे थरथरायचे, फळीवरची भांडी किणकिणायची, गोठ्यातल्या गाई दावी ताणायच्या. वर बघावं तर निळंशार आभाळ, काही झालंच नाही अशा थाटात. तसल्या आवाजानं मग गावाला तोंड फुटलं. चहाच्या टपरीवर रोज एक नवा शोध लागायचा. ओझरची विमानं आवाजाच्या पुढं पळतात, त्याचा तो दणका, असं एकाचं म्हणणं. बोअर घेऊन घेऊन जमीन आतून पोकळ झालीय आणि तीच खचतेय, असं दुसऱ्याचं. धरणाचं पाणी खडकाला दाबतंय, असं तिसरा पेपरात वाचून आला होता. म्हाताऱ्या बायका गडाच्या देवीकडे बोट दाखवायच्या. तालुक्याहून साहेब आले, चहा प्याले, चौकशी करू म्हणाले आणि गेले. काही जण रात्री अंगणात झोपायला लागले, आता घरं पडणारच म्हणून. सोमा टपरीसमोरून गेला की मात्र सगळ्यांचं एकमत व्हायचं.

"सोम्या, तुझाच बार असंल रे!"

सोमा हसून म्हणायचा, "हां, घेतलाय चहा."

चांगुणाला यातलं कुठलं कारण खरं, याच्याशी काही घेणं नव्हतं. विमान असो नाहीतर देवी असो. तो आवाज हुबेहूब विहिरीतल्या बारासारखा होता, एवढं एकच तिला कळत होतं आणि तेवढ्यानं तिची झोप उडाली होती. आपण बांधाआड डोळे मिटून बसलोय आणि आभाळानं मध्येच आपला एक बार घुसडला तर? पंजा तर मिटणार. मूठ तर वळणार. आणि नवरा खाली जाणार.

एकदा तिनं सोमाला हातवारे करून, कानाशी ओरडून सांगितलं, "आवं, सोडा हे काम. वरचा बार नि आपला बार मला नाय वळखू आला तर?"

"सोडून काय करू? दुसरं काय येतं मला?" सोमा म्हणाला. "आन तुला नाय वळखू येणार व्हय? तुझे कान लय तिखट हायेत."

माणसानं आपल्यावर इतका विश्वास टाकावा की धास्तीच वाटावी, तसं तिचं झालं.

मे महिन्यात ते धनराजआबांच्या विहिरीवर होते. आबांची द्राक्षाची छाटणी झालेली, नवी फूट निघालेली आणि विहीर तळाला गेलेली. आबा दिवसभर कडेला उभे राहून घाई करायचे. मलबा वर ओढायला यारी लावली होती, म्हणजे विहिरीवरची क्रेन. ती सावळीराम चालवायचा. सोमाही तिच्याच लोखंडी बादलीतून खाली-वर करायचा.

त्या दुपारी सोमा वाती पेटवून वर आला. चांगुणा रस्त्याकडे तोंड करून ओरडली, "बाऽर! बार हाय, बाऽर!" सगळे आडोशाला गेले. तिनं पंजा उघडला, डोळे मिटले.

पहिला झाला. दुसरा. तिसरा. मग बराच वेळ काही नाही. मग चौथा, आणि त्याला लागूनच पाचवा. अंगठा आपोआप मिटला.

तिनं डोळे उघडले तेव्हा विहिरीवर धूळ तरंगत होती. सावळीराम उठून पँट झटकत होता. "झाले पाच," तो म्हणाला. "चला, उरका," आबा म्हणाले. सोमा लांबून तिच्याकडे बघत होता. तिनं सवयीनं मूठ वर केली. त्यानं मान हलवली आणि बादलीत पाय ठेवला. यारीचं इंजिन धडधडायला लागलं.

बादली कडेखाली गेली, सोमाचं डोकं दिसेनासं झालं, आणि त्याच क्षणी चांगुणाच्या मनात आलं: शेवटचा कुठून आला?

तिला आठवेना. खालून आला की वरून? तो चौथ्याला इतका खेटून का आला? कान म्हणत होते पाच. सगळ्यांचे कान पाच म्हणत होते. पण तिची पाचावर धारण बसली ती बसलीच. ती किंचाळत धावली, "नका उतरू! आवं, नका उतरू!"

ती किंकाळी पार रस्त्यापर्यंत गेली. ज्याच्यासाठी ती होती त्या एका माणसाला तेवढी ऐकू गेली नाही. सोमा मजेत खाली चालला होता.

तिनं सावळीरामचं मनगट धरलं. "थांबव! वर घे!"

"वहिनी, पाच झाले. मी मोजले."

"थांबव म्हणते ना!" तिनं त्याच्या हाताला असं काही ओढलं की त्यानं घाबरून ब्रेक दाबला. बादली विहिरीच्या मध्यावर हिंदकळत लटकली.

"काय चाललंय?" आबा ओरडत आले.

"चार झाले, आबा. चारच."

"पाच झाले! मी काय बहिरा हाय का?"

चांगुणा कडेवर पालथी पडली आणि खाली वाकली. सोमा मान वर करून रागानं बघत होता, मध्येच का थांबवलं म्हणून. तिनं मूठ पुढं केली आणि त्याला दिसेल असा अंगठा उघडला. सोमा त्या अंगठ्याकडे बघत राहिला. मग त्यानं बोटानं वर घ्यायची खूण केली.

आबांनी तोंडाचा पट्टा सोडला. "बाग वाळली तर तुझा अंगठा पाणी देणार हाय का?" चांगुणानं काही वेगळं ऐकलं नव्हतं. ती फक्त घाबरली होती.

दुसऱ्या दिवशी सोमा एकटाच खाली गेला. हातानं एक एक दगड उचलून बाजूला ठेवत राहिला. चांगुणा वर, पदर तोंडात धरून. बऱ्याच वेळानं खालून एकच शब्द आला, "हाय!" कोपऱ्यातल्या एका भोकाची माती जशीच्या तशी होती. वात मध्येच विझली होती.

आबा कडेपासून चार पावलं मागं सरले. पाचवा आवाज कशाचा होता ते तेव्हाही कुणाला सांगता आलं नाही. सोमानं त्याच्या शेजारी नवा बार लावून तो उडवला आणि पुढं महिनाभर भेटेल त्याला सांगत सुटला, "बायकोचे कान बघा! अख्खं गाव पाच म्हणत व्हतं."

चांगुणाला हे कौतुक विंचवासारखं डसायचं. कानांनी दगाच दिला होता. वाचवलं ते भीतीनं, आणि पुढच्या वेळी ती भीती वेळेवर येईलच याचा काय भरवसा? तिनं मनाशी ठरवून टाकलं. आता हा अंगठा मिटायचा नाही. आभाळ गप्प असो की गरजो, ती एक बार कमीच सांगणार.

तसं तिनं सुरू केलं. सोमा प्रत्येक खेपेला तिच्या अंगठ्याकडे बघायचा, सदरा चढवायचा आणि झाडाखाली जाऊन बसायचा. दुसऱ्या दिवशी उतरावं तर पाचही भोकं फुटलेली. मालक चिडायचे. "चांगुणाचे कान गेले," असं लोक उघड बोलायला लागले. मोजायला दुसरा माणूस ठेव, म्हणून सोमाला सगळ्यांनी सांगून पाहिलं. तो भलतंच उत्तर द्यायचा, "हां, यंदा पाऊस बरा हाय." हळूहळू विहिरी दुसऱ्यांकडे गेल्या. चांगुणाला वाटायचं, बिचारा माझ्यावर विसंबला आणि मी त्याचा धंदा बसवला. हे ती त्याला कधी सांगू शकली नाही. सांगायचं तर कानाशी ओरडून सांगावं लागलं असतं.

पुढं बोअरच्या गाड्या जागोजागी आल्या आणि सुरुंगवाले असेही मागं पडले. सोमा एका बागेवर राखणदार झाला, चांगुणा तिथंच घड विरळायला जायची. दहा-बारा वर्षं अशी गेली. सोमाचे कान आता पुरते बंद झाले होते. आभाळातले आवाज मात्र अधूनमधून चालूच होते, आणि प्रत्येक वेळी चांगुणाचा उजवा हात पदराखाली नकळत मिटायचा.

एका दुपारी दोघं जेवून बसली होती. सोमा खाटेवर, ती उंबऱ्यात. अचानक धड्-धडाम्! एकाला एक लागून, दोन. पत्रा हादरला, हंड्यावरचं झाकण खाली पडून गरगरलं. चांगुणाच्या हातातून सुपारी सुटली. सोमाला ऐकू आलं नाही, पण खाट हादरलेली कळली. त्यानं तिच्याकडे बघून हातानंच विचारलं, किती?

तिनं जुन्या सवयीनं एकच बोट वर केलं.

सोमानं त्या बोटाकडे पाहिलं. मग मिशीत हसून, बहिरी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात तो म्हणाला,

"म्हंजे दोन झाले."