मिशी, मेहुणा आणि फुल कॅनव्हास

माझे वडील वारल्याची बातमी मला माझ्या वडिलांबरोबर चहा पिताना कळली.

यात बातमी आणणाऱ्याचा दोष नव्हता. वडिलांचा तर मुळीच नव्हता. ते बशीत चहा ओतून निवांत फुरके मारत होते. दोष होता माझ्या मेहुण्याचा. (हे वाक्य आमच्या घरात कुठल्याही प्रसंगाला चालतं, फक्त बायकोसमोर म्हणता येत नाही.)

प्रशांतचं सोलापुरात, नवी पेठेत कापडाचं दुकान आहे. चांगला, सरळ माणूस. मागच्या दिवाळीपर्यंत तो दाढी करायचा. म्हणजे आपण करतो तशीच. साबण लावला, ब्लेड ओढलं, तोंड धुतलं आणि निघाला दुकानात. मग तो फोनवर कुठल्याशा 'वेट शेव्हर' मंडळींच्या ग्रुपात शिरला आणि त्यानं दाढी करणं सोडलं. आता तो 'सेशन' घेतो.

त्याच्या ब्रशाला 'लॉफ्ट' असतो, 'बॅकबोन' असतो. लॉफ्ट म्हणजे केसांची उंची आणि बॅकबोन म्हणजे कणा. (गिऱ्हाइकाला "भाव कमी होणार नाही" असं याला जन्मात सांगता आलेलं नाही, पण ब्रशाला कणा पाहिजे!) फेसाला 'कुशन' असतं. रेझर 'माइल्ड' असतो नाहीतर 'अ‍ॅग्रेसिव्ह'. गाल कापून रक्त आलं तर त्याला रक्त म्हणायचं नाही. रेझरनं 'फीडबॅक' दिला म्हणायचं. आणि एखाद्या साबणाची अर्धा तास आरती ओवाळून झाली की शेवटी मान तिरकी करून म्हणायचं, "अर्थात, युअर माइलेज मे व्हेरी." म्हणजे तुम्हाला वेगळाच अनुभव येऊ शकतो. अरे, मग माझा अर्धा तास कशाला खाल्लास?

माझ्या सासूबाई बिचाऱ्या सकाळी विचारायच्या, "पशा, दाढी झाली का रं?"

"फर्स्ट पास झाला, आई."

"बरं झालं बाबा. कशात तरी झालास."

हे सगळं लांबून ऐकायला मजा यायची. पण माझ्या मुलीचा, ऋतुजाचा साखरपुडा ठरला आणि माझी मजा संपली. साखरपुडा वैरागला, आमच्या गावच्या घरी. "नातीचा साखरपुडा माझ्याच दारात झाला पायजे," असं अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फर्मान काढलं होतं. मुलाकडची मंडळी उजनीच्या पाण्याकाठची, केळीच्या बागा असलेली, जुन्या वळणाची. त्या घरात मुलाच्या आजीचा शब्द शेवटचा. ऋतुजाला मुलगा मनापासून आवडला होता, त्यामुळे आम्ही सगळे आजीला टरकून होतो. मुहूर्त निघाला सोमवारचा. सोमवारी सोलापुरातली झाडून सगळी सलून बंद!

"दाजी, मी हाय की!" प्रशांत म्हणाला आणि सकाळी सकाळी बॅग घेऊन हजर झाला. मला खुर्चीत बसवलं, डोळ्यांवर गरम टॉवेल टाकला, नाकापासून गळ्यापर्यंत फेस फासला.

"दाजी, आज डीएफएसवर भागवायचं नाही. थेट बीबीएस."

"बीबीएस म्हणजे?"

"डीएफएसच्या पुढचं."

"आणि डीएफएस म्हणजे?"

"बीबीएसच्या अलीकडचं. मग फुल कॅनव्हास करायचा ना?"

"आता हे काय काढलंस?"

"झीरो इंटरप्शन, दाजी! एज टू एज. फ्लो तुटत नाही."

इथं शहाण्या माणसानं आणखी एक प्रश्न विचारला असता. पण शहाण्या माणसानं मेहुण्यापुढं गळाच दिला नसता. "कर की! मला काय विचारतोस?" मी ऐटीत म्हणालो आणि डोळे मिटून घेतले.

फुल कॅनव्हास म्हणजे वाटेत येणारी मिशीसुद्धा उतरवायची. हे सांगायला मराठीत तीन शब्द पुरतात, पण मग कळलं असतं ना!

आमच्याकडे बाप जिवंत असताना पोरगा मिशीला वस्तरा लावत नाही. मिशी उतरते ती बाप गेल्यावर. माझे सासरे जाऊन बरीच वर्षं झाली, प्रशांतचा ओठ तेव्हापासून सफाचट, त्यामुळे त्याच्या डोक्यात हे आलंच नाही. डोक्यात सगळा फेस!

बायको साडीच्या निऱ्या धरून बाहेर आली, माझ्याकडं बघितलं आणि मटकन खाली बसली. "अगं बाई! अण्णा गेले?"

इतकी वर्षं संसार केलेल्या बाईनं 'मिशी कुठं गेली' असं विचारलं नाही, यावरून पुढचा अंदाज यायला हवा होता. ऋतुजानं रडत रडत भुवया रंगवायच्या पेन्सिलीनं मला मिशी काढून दिली. मी नाटकातला हवालदार दिसायला लागलो. मग पुसली. शेवटी दाढ दुखते म्हणून तोंडाला रुमाल लावायचा ठरला आणि आम्ही निघालो.

वैरागात शिरल्यावर मी आणि प्रशांत हार घ्यायला खाली उतरलो आणि समोर भगवानतात्या. तात्या अण्णांचे जुने दोस्त, हे स्थळ त्यांनीच आणलेलं. एवढ्या मोठ्या माणसाशी तोंड झाकून कसं बोलायचं? मी रुमाल काढून नमस्कार केला. तात्यांनी माझ्या ओठाकडं बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

"कवा झालं?"

"आज सकाळीच."

"लई तरास झाला का?"

"छे हो! मेहुण्यानं केलं. कळलंसुद्धा नाही!"

तात्या प्रशांतकडं बघत मागं मागं सरकले आणि गर्दीत दिसेनासे झाले. मला वाटलं, साखरपुड्याची गडबड असेल.

घरी मांडवात अण्णा चहा घेत बसले होते. मी त्यांच्या शेजारी बसलो. त्यांनी बशीवरून माझ्याकडं बघितलं.

"मिशी?"

"गेली."

"मी हितं बसलोय आन तुजी मिशी गेली?"

"प्रशांतनं जरा..."

"मला इचारायचं तरी. जायाची तयारी केली आसती की."

एवढ्यात समोरचा दत्तू दोन बांबू आणि कडब्याची पेंढी घेऊन मांडवात शिरला. डोळे लाल. "आण्णा गेलं म्हनं! लई देवमानूस हुता!" असं म्हणत त्यानं माझ्या गळ्यात पडायला हात पसरले, तर माझ्या शेजारी देवमाणूस चहा पीत बसलेला! दत्तू बांबू टाकून पळाला.

"बांबू ऱ्हाऊ दे तितंच," अण्णा ओरडले. "आज न्हाय तर उद्या लागत्यालंच!"

मग चौकशी केली तेव्हा समजलं, तात्यांनी जबाबदार मध्यस्थाप्रमाणे मुलाकडं फोन लावला होता. सुतकात कसला साखरपुडा? मंडळींनी बार्शीतूनच गाड्या फिरवल्या होत्या. आत ऋतुजाचा हुंदका ऐकू आला. मी घाईघाईनं मुलाच्या वडिलांना फोन केला.

"पाव्हणं, माघारी या! अण्णा जिवंत आहेत!"

"व्हय, व्हय," ते मायेनं म्हणाले. "सुरवातीला आसंच वाटतं. माजा बाप गेला तवा मला बी पटत नव्हतं. जरा पानी प्या."

अण्णांनी माझ्या हातातून फोन हिसकला. "मी आण्णा बोलतोय! मेल्यालो न्हाय मी!"

पलीकडून फोन कट. पुन्हा लावला तर उचलेनात. शेवटी प्रशांतनं थेट नवऱ्या मुलाला व्हिडिओ कॉल लावला आणि अण्णांचं तोंड दाखवलं. तिकडं गाडीत कुजबुज झाली आणि मागच्या सीटवरून आजीचा आवाज आला, "तोंड बास. पाय दाखवा म्हनावं!"

अण्णांनी धोतर वर घेऊन दोन्ही पाय फोनपुढं धरले. बोटं पुढं, टाचा मागं. भूत नव्हतं. गाड्या पुन्हा वैरागकडं वळल्या.

पण मंडळी आली तीच मुळी कोर्ट भरल्यासारखी. आजी खुर्चीवर बसली आणि माझ्याकडं बोट केलं. "बाप जित्ता आसताना मिशी काढनारा मानूस. ह्येच्या घरची पोरगी करायची का?"

मी तोंड उघडणार, तोच प्रशांत उठला. मला वाचवायला!

"आज्जी, दाजींचा दोष नाही. मिशी ठेवली की अपर लिपला अगेन्स्ट द ग्रेन जाता येत नाही, मग बीबीएस कसा मिळणार? आणि रेझर एकदम माइल्ड होता. अर्थात, युअर माइलेज मे व्हेरी."

आजीनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग अण्णांकडं वाकून तिनं हळूच विचारलं, "ह्यो कुनाकडचा?"

"सुनंकडचा," अण्णा तत्काळ म्हणाले.

"मंग ठीक हाय. तुमच्या रक्तात न्हाय." आजीनं श्वास सोडला. "साखरपुडा आज हुईल. पन लग्नाची तारीख ह्येंची मिशी आल्यावर. भरघोस! मी सोता बगनार."

साखरपुडा झाला. पेढे वाटले. बायको त्या दिवसापासून भावाशी बोलत नाही आणि माझ्याशी फक्त ओठाविषयी बोलते. मांडववाला, आचारी, वाजंत्री सगळे तारीख विचारतात आणि मी आरशाकडं बघतो. प्रशांतनं पश्चात्तापानं मला कसलंसं तेल आणून दिलंय आणि एक ब्रशही, रोज ओठावर घासायला. त्याच्या ग्रुपात माझ्या वरच्या ओठाला आता 'प्रोजेक्ट' म्हणतात म्हणे.

काल सकाळी ऋतुजा फोन घेऊन समोर उभी राहिली. आजीला फोटो पाठवायचा होता. तिनं काळजीनं विचारलं, "बाबा, किती आली हो?"

मी ओठावरून गंभीरपणे बोट फिरवलं.

"बॅकबोन चांगला आहे गं. पण लॉफ्ट जरा कमी पडतोय."

ती स्वयंपाकघराकडं धावली.

"आई! बाबांनापण झालं!"