विहारात अकरा पोरी आल्या

दीक्षा घेऊन आम्हाला पाच-सहा वर्षं झाली होती. बालाघाटच्या आमच्या वॉर्डातलं विहार म्हणजे कवेलूच्या छपराची एक लांब खोली. सकाळ-संध्याकाळ वंदना, बाकी दिवसभर कुलूप.

त्या कुलपाचा माझ्या काकूला फार राग. ती सुईण होती, बिरसा तहसिलीकडच्या खेड्यांत बाळंतपणं करायला जायची. आईबाप गेलेल्या लहान लहान पोरी तिथं लोकांची ढोरं राखताना ती बघायची. एका रविवारी वंदना संपली, लोक उठू लागले, तशी ती म्हणाली, "या खोलीत पोरी ठेवू. राहतीन, शाळेत जातीन."

विहार सांभाळणारे म्हातारे बाबा दचकले. "भगवानासमोर चूल पेटवतं काय वो?"

"हौ. उपाशी माणसाले आधी जेवू घाला, मंग धम्म सांगा, असं तुम्हीच त सांगता दर पौर्णिमेले!"

सगळे हसले. बाबाही हसले, आणि करदोड्याची किल्ली सोडून त्यांनी तिच्या हातात दिली.

मग आम्हाला दम धरवेना. चुन्यानं भिंती पोतल्या, मागच्या पडवीत चूल मांडली, घरोघरून चटया आणल्या. मी एकोणीस वर्षांची, आठवी पास. काकूनं जाहीर करून टाकलं, "हे आपली मास्तरीण." मला कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तरी मी नाही थोडीच म्हणणार होते!

सात पोरी येणार होत्या, काकू त्यांना आणायला गेली होती. त्या दिवशी अर्धा वॉर्ड बस स्टँडवर. बस वळली तर काकू बसच्या दारातच उभी, हात हलवत. पोरी उतरू लागल्या. सात झाल्या, आठ झाल्या, उतरतच राहिल्या.

"काकू, अकरा?"

"मंग काय करू? गाडी सुटली त चौघी मागं पळून राह्यल्या होत्या. थांबवली मी गाडी!"

विहारात ताटं सातच. मी शेजारी मागायला धावणार, तेवढ्यात समोरच्या घरातली बाई आली. आमच्याकडचं पाणीही न पिणारी. तिनं चार पितळी ताटं उंबऱ्यावर ठेवली. "वापस नोको देऊ," म्हणाली आणि गेली. मायेनं म्हणाली की विटाळापायी, मला आजही सांगता येत नाही. पोरी मात्र त्यात पोटभर जेवल्या.

दुसऱ्या दिवशी अकराही जणींना रांगेनं शाळेत नेलं. हेडमास्तरांनी रजिस्टर उघडलं. "पालक कौन है?"

मी काकूकडे बघितलं. तिला लिहिता येत नव्हतं. "बघतं काय? कर सही!"

मी अकरा सह्या केल्या. घाईत दोन ठिकाणी शाई सांडली. बाहेर आल्यावर काकू रस्त्यातच मोठ्यानं हसू लागली. "लग्नाआधीच अकरा लेकरं झाली वो तुले!"

पुढची चार वर्षं मी त्यांच्यातच राहिले.