चोळलेला गुडघा

ऑपरेशन थिएटरातल्या मावशीने एकोणीस वर्षं लोकांची घाण उपसली होती, पण तिला कधी किळस आली नव्हती.

त्या सकाळी टेबलावर चार वर्षांची मुलगी होती. अंगात फणफणून ताप, गुडघा सुजून टम्म. पाय पुसताना कापराच्या तेलाचा वास आला आणि मावशीचा हात थबकला. हे तेल तिच्याच घरात, तिचा दीर मालिशच्या धंद्यासाठी उकळायचा.

डॉक्टरीणबाईंनी गुडघ्याला दोन बारीक छेद दिले. एकातून पेन्सिलीएवढी दुर्बीण आत गेली, दुसऱ्यातून सांधा धुणं सुरू झालं. नळीतून पिवळा, गुठळ्यांचा पू बरणीत पडू लागला. मावशीने तीन बरण्या बदलल्या.

"पू झालेला सांधा रोज चोळलाय कुणीतरी," बाई चिडून म्हणाल्या. "अजून दोन दिवस गेले असते तर हाडावरचं गुळगुळीत आवरणच सडलं असतं. जन्माची लंगडी झाली असती पोर."

बाहेर मुलीचा बाप म्हणाला, "बसस्टँडमागच्या मालिशवाल्यांकडे सहा दिवस नेली हो. नस चढलीय म्हणाले. ती किंचाळायची, तर म्हणायचे, घट्ट धरा."

दुपारी मावशी घरी आली. दीर जेवत होता.

"भावजी, तापानं फणफणलेल्या पोरीचा गुडघा चोळलात?"

"रोज दहा येतात. कोण लक्षात ठेवतंय?" असं म्हणत त्याने बोटं चाटली.

तीच बोटं. मावशी मोरीकडे धावली आणि भडभडून ओकली.

नवरा म्हणाला, "घरचा माणूस आहे. झाकली मूठ राहू दे."

"मुठीत पू आहे," ती म्हणाली आणि तेलाचा डबा गटारात ओतून आली.

मुलीचा गुडघा आणखी एकदा धुवावा लागला. महिनाभराने ती वॉर्डात तपासणीला धावतच आली. दिराला ते कळलं, तर गिऱ्हाइकांना म्हणाला, "बघा, माझ्या हाताचा गुण!"

त्या दिवसापासून मावशीने त्याचं ताट वाढणं सोडलं. सुट्टीच्या दिवशी ती बसस्टँडमागे, त्याच्याच दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसते. सुजलेला सांधा घेऊन कुणी लेकरू आलं की आधी कपाळाला हात लावते. ताप लागला की आईबापांना म्हणते, "आत नाही जायचं. माझ्याबरोबर दवाखान्यात चला."