पांचाळकाकांचं लोखंडाचं गाव

यशवंतकाका पांचाळ गेल्याची बातमी आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन मेसेजच्या मध्ये आली. वर ढोल-ताशाची प्रॅक्टिस कॅन्सल झाल्याचं कळवलं होतं आणि खाली कुणीतरी विकायला काढलेल्या सोफ्याचे फोटो होते. अमेरिकेतल्या नेपरव्हिलमधल्या देशी ग्रोसरीच्या पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून मी तो मेसेज वाचला, जोडलेल्या हातांचं चिन्ह टाकलं आणि कोथिंबीर घ्यायला आत गेलो. परत येऊन गाडीत बसलो तेव्हा कुठे आत काहीतरी हललं... पण आधी कोथिंबीर घेतली हे खरं आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. त्याला आता सहा आठवडे झाले. एवढ्या दिवसांत काकांबद्दल मंडळात इतकं गोड बोललं गेलं आहे की मला ते ऐकवत नाही. का ऐकवत नाही, तेच इथे सांगायचं आहे.

काका सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. वडील गावचे लोहार. ऐरण, भाता आणि घण यांच्यातच काकांचं लहानपण गेलेलं. पुण्यात धातुशास्त्राचं इंजिनिअरिंग करून ते पन्नासएक वर्षांपूर्वी इकडे आले आणि लेक मिशिगनच्या काठावरच्या एका पोलाद कारखान्यात लागले, ते कारखान्याला कुलूप लागेपर्यंत. आम्ही आलो लॅपटॉप घेऊन. आमच्या हातांना कधी चटका बसला असेल तर तो मायक्रोवेव्हमधल्या डब्याचा. पहिल्या भेटीत त्यांनी माझं नाव, आडनाव, गाव असं सगळं रीतसर विचारलं. मी अनिल इनामदार असल्याचं सांगितलं, गावाचं नाव सांगितलं. त्यांचं गाव आमच्यापासून दोन कोसांवर निघालं. मला केवढा आनंद झाला. ते म्हणाले, "असं का, इनामदार." तेव्हापासून त्यांनी मला कधी अनिल म्हटलं नाही. वयाने वीस-बावीस वर्षांनी मोठे, तरी मला अहो-जाहो करायचे. अरे-तुरे करा म्हणून मी कितीदा सांगितलं, तर हसून म्हणायचे की जुनी सवय आहे, जात नाही. मला ती त्यांची थट्टा वाटायची.

निवृत्त झाल्यावर काका-काकू एका टूरबरोबर स्कॉटलंडला गेले होते. समुद्राच्या तोंडाशी एक गाव होतं, तिथे बस चहासाठी थांबली. पांढरीशुभ्र बैठी घरं, खिडक्यांत फुलं, खाडीत नांगरलेल्या शिडाच्या होड्या. बरोबरीचे लोक फोटो काढत होते आणि काका नदीच्या काठाने खाली मान घालून चालत सुटले, कारण त्यांच्या बुटाखाली जे काळं, काचेसारखं खडबडीत काही लागत होतं तो दगड नव्हता, ती लोखंडाची मळी होती. भट्टीतून निघालेली घाण. गाइडने रोमन सैनिकांबद्दल सांगितलं, होड्यांबद्दल सांगितलं, मळीबद्दल अवाक्षर काढलं नाही. काकांनी मुठीएवढा तुकडा खिशात घातला आणि पुढची पंधरा वर्षं त्या तुकड्यामागे घालवली. त्या नदीवर पाणचक्क्या होत्या. आधी त्या पीठ दळायच्या, नंतर लोखंड ठोकायला लागल्या. स्वीडनहून जहाजाने लोखंडाच्या कांबी यायच्या, त्यांच्या सळया व्हायच्या, आणि त्या पांढऱ्या घरांतून बायका-पुरुष दिवसभर खिळे ठोकत बसायचे. घरांना चुना नंतर लागला. तेव्हा ती धुराने काळीच होती. चर्चच्या जुन्या नोंदींच्या नकला मागवून काकांनी त्या खिळेवाल्यांची नावं एकेक करून वेचली. मालकाच्या नावाचा दगड चर्चच्या भिंतीत आहे, ठोकणाऱ्यांचं नाव गावात कुठेही नाही, हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा.

हे सगळं त्यांनी मराठीत लिहिलं, हाताने, लांब निळ्या वहीत. दरवर्षी त्यातला एखादा भाग ते आमच्या दिवाळी अंकासाठी द्यायचे. अंकाचा संपादक मी. दरवर्षी तो परत जायचा. कधी जागा नव्हती, कधी विषय 'आपल्या वाचकाचा' नव्हता. एका वर्षी तर त्यांच्यासाठी ठेवलेली चार पानं मी फराळाच्या पाककृतींना दिली, एअर फ्रायरमधल्या चकल्या. मी एकदा त्यांना विचारलंच की स्कॉटलंडमधल्या खेड्याशी आपल्या लोकांचा काय संबंध. त्यावर ते एवढंच म्हणाले, "लोखंड सगळीकडे सारखंच तापतं, इनामदार." मी मान डोलावली आणि विषय बदलला. पार्टीत काका वहीचं काही बोलू लागले की आमच्यातले लोक हळूच प्लेट घेऊन दुसऱ्या खोलीत सटकायचे. मीही सटकलो आहे, एकदा तर बाथरूममध्ये.

तीन वर्षांपूर्वीच्या गणेशोत्सवात काकांना एकदाचं व्यासपीठ मिळालं. तेही खरं तर मिळालं नव्हतंच. न्यू जर्सीहून यायच्या गायिकेची फ्लाइट डिले झाली, हायस्कूलचा हॉल भरलेला, आणि जेवणाआधीची वीस मिनिटं भरून काढायला कुणीतरी हवं होतं. संयोजक मीच. मी फोन केला तेव्हा काका घरी होते. अर्ध्या तासात सूट घालून, वही घेऊन, स्लाइड्स तयार करून ते हजर झाले, म्हणजे त्या स्लाइड्स कधीपासून तयार असणार. पहिल्या रांगेत काकू बसल्या. पाच-सात मिनिटं बरी गेली. मग शेजारच्या कॅफेटेरियातून मसालेभाताचा वास यायला लागला, खुर्च्या सरकू लागल्या, अध्यक्षांनी मला लांबूनच घड्याळ दाखवलं. आपल्याकडे वक्त्याला थांबवायची एक सभ्य रीत आहे: चिठ्ठी. माझं अक्षर चांगलं म्हणून मंडळातल्या असल्या चिठ्ठ्या मीच लिहितो. मी लिहिलं, 'काका, आवरा. जेवण गार होतंय.' आणि स्वतः जाऊन त्यांच्या समोर ठेवली. ते त्या वेळी म्हणत होते, "या गावात घडलेली फावडी जहाजात चढली, समुद्रापार गेली, आणि..." त्यांनी चिठ्ठी वाचली. घडी करून वहीत ठेवली. "धन्यवाद," म्हणाले आणि खाली उतरले. टाळ्या जोरात झाल्या, इतक्या जोरात की लोकांना सुटका झाल्याचा आनंद झालाय हे कुणाच्याही लक्षात यावं.

जेवणाच्या रांगेत ते माझ्या मागेच होते. ताटात वरण वाढून झालं, त्यांनी त्याला बोट लावून पाहिलं आणि मला म्हणाले, "गरम आहे की, इनामदार." मी हसलो. आम्ही दोघेही हसलो. माफी मागायची ती वेळ होती आणि मी पापड घेतला. त्यानंतर त्यांनी अंकासाठी कधी काही पाठवलं नाही, आणि मला खरं सांगायचं तर हायसं वाटलं.

शोकसभेला मात्र हॉल पुन्हा भरला. जे लोक प्लेट घेऊन सटकायचे, तेच माइक धरून काका म्हणजे चालतंबोलतं विद्यापीठ होते असं सांगत होते. एकाने त्यांना इतिहासाचार्य करून टाकलं. मला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त माझा आला, कारण माझं भाषण सगळ्यांत लांब होतं. मला कुणी चिठ्ठी दिली नाही. मग ठराव झाला की काकांची वही मंडळातर्फे स्मृतिविशेषांक म्हणून छापायची, रंगीत, जाड कागदावर, त्यांच्या फोटोसह. आणि वही आणायला, अर्थातच, संपादकाला पाठवायचं.

मी गेलो तेव्हा दूरच्या प्लेनो शहरातून आलेली त्यांची मुलगी मेघना खालच्या खोलीत खोकी भरत होती. म्हणाली, "अनिलकाका, आय कान्ट रीड अ वर्ड ऑफ इट. बाबांनी एवढं कशाबद्दल लिहिलं, दॅट्स व्हॉट आय वॉन्ट टु नो." मी म्हटलं, एका गावाबद्दल. तिचं समाधान झालं नाही, माझंही झालं नसतं. काकांच्या टेबलावर निळी वही होती आणि तिच्यावर तो मळीचा तुकडा. भेटायला आलेल्या कुणा बाईंनी त्याला शाळिग्राम समजून वर तुळशीचं पान ठेवलं होतं. सुमनकाकूंनी ते पान शांतपणे उचललं, कुंडीत टाकलं, आणि मला खुर्ची दाखवली, काकांची.

मी मंडळाचा ठराव सांगितला. छपाईची जबाबदारी माझी, असंही म्हणालो. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "ते असताना जागा नव्हती. आता कशी झाली?" त्यांनी मळीचा तुकडा बाजूला सारला, वही उघडली. बरोबर त्याच पानावर माझी चिठ्ठी होती, तशीच घडी केलेली. "इथून पुढचं बोलायचं राहिलं होतं त्यांचं. त्यांना ते तुमच्यासमोर बोलायचं होतं. वाचा. मी आणि मेघना ऐकतो."

मी वाचायला लागलो. फावडी जहाजात चढली, समुद्रापार गेली, आणि ज्यांच्या हातांत दिली ते हात विकत घेतलेले होते. ऊस लावणारे, तंबाखू लावणारे गुलामांचे हात. काकांनी लिहिलं होतं की त्या गावातल्या खिळेवाल्यांना हे कधी कळलं की नाही, याचा शोध त्यांनी पंधरा वर्षं घेतला आणि लागला नाही. आणि मग ओळ सोडून, नव्या शाईत: 'माझ्या वडिलांनी जन्मभर ज्या घरचे फाळ घडवले, त्यांना धार लावली, त्या घरच्या ओट्यावर ते कधी चढले नाहीत. पाणीसुद्धा वरून ओंजळीत घेत. त्या घरातला एक मुलगा मला इथे, अमेरिकेत भेटला. चांगला आहे. त्याला ठाऊक नाही. हे सगळं मी त्याच्यासाठीच लिहितो आहे.'

घराचं नाव कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती. दोन कोसांवरून लोहार यायचा तो आमच्याच अंगणात, हे मी आजोबांकडून ऐकलेलं होतं, आणि ऐकताना ओट्यावर बसलेलो होतो. मी वही मांडीवर टेकवली. मेघनाला सगळे शब्द कळले असतील असं नाही, पण ती माझ्याकडेच बघत होती. "पुढे वाचा," काकू म्हणाल्या. अजून अकरा पानं होती. मी ती सगळी वाचली. मधे काकूंनी चहा ठेवला, तो गार झाला.

संपल्यावर त्यांनी वही माझ्या हातातून घेतली, मिटली आणि तिच्यावर पुन्हा तो मळीचा तुकडा ठेवला. मंडळाला नाही म्हणून सांगा, म्हणाल्या. मेघना मराठी वाचायला शिकणार आहे, वही तिच्याकडे जाईल. मी उठलो. दारापर्यंत आलो तेव्हा त्यांनी मागून हाक मारली आणि चिठ्ठी पुढे केली. "ही तेवढी तुमची आहे, घेऊन जा."

ती आता माझ्या टेबलावर, अंकाच्या प्रुफांशेजारी असते. तिच्यावरचे पाचही शब्द अजून अगदी स्वच्छ वाचता येतात. माझं अक्षर चांगलं आहे, असं सगळेच म्हणतात.