आपण म्हणजे कोण कोण

लिफ्टमध्ये शिरल्यावर काका बटण दाबत नसत. डावा तळहात पत्र्यावर टेकवून डोळे मिटत. मागची माणसं खोळंबत, मग कुणीतरी त्यांच्या खांद्यावरून हात घालून बटण दाबे. लिफ्ट हलली की काका म्हणत, "आपण ऐकायचं फक्त. ती सगळं सांगते."

तुमच्याही इमारतीत असं एखादं माणूस असेल, ज्याला सगळे ओळखतात आणि ज्याच्यासमोर थोडे अवघडतात. सिंगापूरमधल्या यिशुन भागातल्या आमच्या ब्लॉकमध्ये ते काका होते. ते आणि काकू आठव्या मजल्यावर. मी अकराव्या, एका चिनी बाईंच्या फ्लॅटमध्ये भाड्याच्या खोलीत. मी उपकरणांच्या माहितीपुस्तिका लिहिते, इंग्रजीत. या कामात फार कुणाशी बोलावं लागत नाही, ते मला बरं वाटतं.

ओळख लिफ्टमध्येच झाली. मी आईशी फोनवर बोलत होते. फोन ठेवल्यावर काकांनी डोळे न उघडताच विचारलं, "इंग्लिश मीडियम ना?"

"हो. कसं कळलं?"

"वाक्याच्या मध्ये अडकतेस. सातव्या मजल्यावर ही अडकते तशी."

पन्नाशी उलटलेले काका इथल्या एका कंपनीत लिफ्टच्या देखभालीचे इंजिनिअर होते. त्याआधीची बरीच वर्षं मुंबईत हेच काम. आमची लिफ्ट त्यांच्या कंपनीकडे नव्हती, तरी ते तिची तब्येत बघत. "तिसऱ्या मजल्याचा दरवाजा खोकतोय. दिवाळीपर्यंत खेचेल." खालच्या मजल्यावरची एक आंटी त्यांना चिडवायची, "अंकल, यू लिफ्ट डॉक्टर आह?" काका गंभीरपणे म्हणायचे, "यस. माय पेशंट टॉक टू मच."

एका रविवारी आम्ही तिघं बस चुकल्यामुळे थांब्यावर उभे होतो. मी म्हटलं, "काका, आम्ही चालत जाऊया का?"

काका हसत सुटले. "आम्ही म्हणजे कोण? तू आणि ही? आणि मला इथेच ठेवून जाणार?"

"अहो, पुरे," काकू म्हणाल्या.

"पुरे काय? शिकू दे की. हे बघ, ज्याच्याशी बोलतो आहोत तोही बरोबर असेल तर आपण. तो बरोबर नसेल तर आम्ही. तुझ्या इंग्रजीला हे दुकान मांडता आलं नाही. एका वुईमध्ये सगळे कोंबले."

मी तेव्हा हसले. अशी चूक मी शाळेपासून करत आले होते, पण इतक्या प्रेमानं कुणी हसलं नव्हतं.

काकांचं एक स्वप्न होतं, आणि ते एस्टोनियात होतं. आपल्या कानाचं काम एका यंत्राला शिकवायचं. लिफ्टच्या डोक्यावर बसवायची लहानशी डबी, जी आवाज ऐकून काय बिघडणार ते आधीच कळवील. डबीचा नमुना त्यांनी जेवणाच्या टेबलावर बनवला होता, काकूंच्या मसाल्याच्या डब्याचं झाकण वापरून. त्या झाकणाबद्दल काकू शेवटपर्यंत बोलत राहिल्या.

"पण एस्टोनियाच का, काका?"

"इथल्या लिफ्ट लाडावलेल्या. जरा शिंक आली की माणूस हजर. तिथे जुन्या काँक्रीटच्या उंच इमारती, म्हाताऱ्या लिफ्ट, आणि माणसं थोडी. शिवाय सगळा देश ऑनलाइन. आपल्यासारख्यांना तिथे दार उघडं आहे."

ते तिथे कधी गेले नव्हते. पण जगात लिफ्टचे व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकणारे हौशी लोक असतात, हे मला काकांमुळे कळलं. कानाला हेडफोन लावून ते एस्टोनियाच्या राजधानीतल्या, तालिनच्या लिफ्ट ऐकत बसत. "हिचं बेअरिंग गेलंय," हळहळून म्हणत, "आणि कुणाला पत्ता नाही."

एस्टोनिया परदेशातल्या लोकांनाही देतो ते डिजिटल ओळखपत्राचं कार्ड आलं, लॅपटॉपला कार्ड रीडर जोडला, आणि काकूंनी चहा टाकल्यापासून तो गाळेपर्यंत कंपनीच्या नोंदणीचा अर्ज गेलासुद्धा. काका थक्क झाले. "मुंबईत एवढ्या वेळात नुसता शिक्का सापडत नाही!" पुढे मात्र तसं झालं नाही. तिथल्या एका बँकेनं खातं उघडायच्या आधी विचारलं, आपला या देशाशी संबंध काय? काकांनी एका शब्दात उत्तर पाठवलं : लिफ्ट. खातं उघडलं नाही.

त्याच सुमारास काकांच्या कंपनीनं कळवलं की करार वाढवणार नाही. करार संपला की इथे राहायचा पास संपणार. म्हणजे हातात चार महिने होते. तोवर एस्टोनियाचा स्टार्टअप व्हिसा मिळाला तर तालिन, नाहीतर कायमचं पुण्याच्या घरी परत.

"पुण्यात काय करू?" काका म्हणाले. "सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवर भांडू?"

अर्जाचं इंग्रजी माझ्याकडे आलं. काका येरझारा घालत मराठीत सांगत, मी लिहीत जाई. "आपण असं यंत्र करतोय..." वुई आर बिल्डिंग. "आपण पहिल्या वर्षी दहा इमारती घेऊ..." वुई विल बिगिन. मला वाटे, ती त्यांची बोलण्याची ढब आहे. लिफ्टशीसुद्धा ते आपण म्हणूनच बोलत. मधेच ते थांबून विचारत, "तुला पटतंय ना? नाहीतर आपण बदलू." मी म्हणे, "हो काका, छान आहे." यंत्राबरोबर द्यायची माहितीपुस्तिका मी कुणी न सांगता लिहून दिली, तेव्हा त्यांनी ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत दोनदा वाचली.

लिटिल इंडियातून लोकर आणून काकू टोप्या विणायला लागल्या. सिंगापूरच्या उकाड्यात, पंख्याखाली बसून. एक राखाडी, एक मरून, एक निळी. निळी माझ्या डोक्यावर घालून बघितली आणि म्हणाल्या, "कानांवरून नीट येते ना गं? तिकडे कान सांभाळायला लागतात." मला हे माप घेण्यासाठी वाटलं. खरं सांगायचं तर, मला तसंच वाटून घ्यायचं होतं.

तालिनमध्ये नव्या उद्योजकांना आधार देणारी एक संस्था होती. त्यांची शिफारस मिळाली तर व्हिसाचं काम सोपं झालं असतं. त्यांनी व्हिडिओ कॉल ठरवला. मी अर्धा दिवस रजा टाकली आणि काकांच्या शेजारी बसले, एखादा शब्द अडला तर सांगायला. काकांनी लांब बाह्यांचा शर्ट इस्त्री करून घातला होता.

पडद्यावर आखूड केसांची एक बाई होती. तिनं अर्ज नीट वाचला होता. काकांनी तिला तिच्याच शहरातल्या लिफ्टचा आवाज ऐकवून काय बिघडलंय ते सांगितलं, तेव्हा ती मनापासून हसली. म्हणाली, ही गरज खरी आहे, मी स्वतः अशा इमारतीत राहते. काकांचा चेहरा उजळला. मग तिनं साधेपणानं विचारलं, "तुमच्या अर्जात सगळीकडे वुई आहे. हे वुई म्हणजे कोण कोण?"

काकांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

आग्रह नव्हता त्या बघण्यात. लिफ्टच्या पत्र्यावर हात ठेवताना असायचे तसेच ते होते, नुसते ऐकत होते. माझ्या मनात त्या क्षणी एवढंच आलं, की माझा पास नुकताच वाढलाय, माझी खोली, माझं काम, कुणाशी न बोलता जाणारे माझे दिवस. मी खुर्ची थोडी मागे सरकवली. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यात माझा जो खांदा दिसत होता, तो दिसेनासा झाला.

"मायसेल्फ ओन्ली, मॅडम," काका म्हणाले.

आठवड्यानं पत्र आलं. कल्पना चांगली आहे, बाजार आहे, पण एकट्या माणसाची शिफारस करता येत नाही. साथीदार मिळाला की जरूर परत या. काकांनी ते मला वाचायला दिलं आणि म्हणाले, "इंग्रजी छान लिहितात." त्या अर्जाबद्दल ते पुन्हा कधी बोलले नाहीत. मीही विषय काढला नाही. लिफ्टमध्ये भेटलो तर ते पूर्वीसारखेच हसत, फक्त येताजाता स्वतःच बटण दाबायला लागले होते.

निघायच्या दिवशी मी सामान उतरवायला गेले. दोन मोठ्या बॅगा, आणि काकूंच्या हातात मसाल्याचा डबा, झाकणासकट. काकूंनी निळी टोपी माझ्या हातात ठेवली. "राहू दे तुझ्याकडे. तुझ्या मापाची आहे."

टॅक्सीचं दार धरून काका थोडा वेळ उभे राहिले. मला काहीतरी म्हणायचं होतं आणि मी वाक्याच्या मध्ये अडकले होते. मला सोडवल्यासारखे तेच म्हणाले, "चल. आम्ही निघतो."

इतक्या दिवसांत माझ्याशी बोलताना त्यांनी तो शब्द स्वतःसाठी पहिल्यांदा वापरला होता. त्यात मी नव्हते. दुसरा कुठला शब्द त्यांनी वापरायला हवा होता? मराठी अगदी बरोबर होतं.

दिवाळीच्या चार दिवस आधी लिफ्ट बंद पडली. दारावर दुरुस्तीची सूचना लागली : तिसऱ्या मजल्याचा दरवाजा. मी फोटो काढून काकांना पाठवला. लगेच उत्तर आलं. "सांगितलं होतं ना! आम्ही मजेत. तू कशी आहेस?"

मी जिन्याच्या पायरीवर बसून उत्तर लिहायला घेतलं. "काका, आपण" एवढं लिहून झालं. पुढे कुठलं क्रियापद घालायचं ते मला येईना.